जॉन्सन, यान्सेन आणि तलवाड्याची ठकू

बीड जिल्ह्यात साहेब पूर्वज शोधायला कोणी जात नाही. दौंड स्टेशनच्या खिडकीवर मी परळीची दोन तिकिटं मागितली, तेव्हा आतल्या ओळखीच्या माणसाने सहज विचारलं, "वैजनाथाला का, सर?" मी मान हलवली. खरं कारण सांगायचं तर मागची रांग खोळंबली असती. शेजारी उभ्या असलेल्या ग्रेसआत्याला मात्र ते आवडलं नाही. "खोटं कशाला बोलायचं? आपण इंग्रज माणसाची कबर शोधायला चाललोय म्हणून सांग की."

"डच माणसाची," मी म्हणालो. आमचा प्रवास असा सुरू झाला.

भांडण थोडक्यात सांगतो. आमचं कुटुंब दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. माझे पणजोबा विल्यम इथे इंजिनावर फायरमन होते आणि इथल्याच दफनभूमीत आहेत. त्यांचे वडील, म्हणजे आमच्या घराण्याचा मूळ पुरुष, निजामाच्या मुलखात मोमीनाबादच्या छावणीत नालबंद होते. रिसाल्याच्या घोड्यांना नाल ठोकायचं काम. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे कागदांनी घोळ घातला होता. विल्यमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं आडनाव यान्सेन, त्यांच्या लग्नाच्या नोंदीत जॉन्सन, आणि तिसऱ्या एका नकलेत असं काही लिहिलेलं की ते यान्सेन वाचा, जॉन्सन वाचा, नाहीतर चक्क जोशी वाचा. माझे वडील यान्सेनवाले. हा माणूस डच, कोचीकडून इंग्रजांच्या चाकरीत आला, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांची धाकटी बहीण ग्रेसआत्या जॉन्सनवाली. तिच्या मते तो अस्सल इंग्रज. माझ्या शाळेच्या दाखल्यावर कारकुनाने 'जानसन' लिहून दोघांनाही नाराज केलं होतं.

वडील गेले आणि वाद मिटेल असं वाटलं, तर पणजोबांच्या कबरीचा दगड खचून दुभंगला. नवा दगड घडवायला दिला. दगडवाला नाव विचारत होता आणि आम्ही दोघं सांगत नव्हतो. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. रेल्वेच्या दवाखान्यात मेट्रन होती, लग्न केलं नाही, अजून पाठ ताठ. "माझ्या डोळ्यांदेखत जॉन्सन कोरलं गेलं पाहिजे," ती म्हणाली. मी म्हणालो, "वडील असते तर?" त्यावर काही आठवडे आमचं बोलणं बंद होतं. शेवटी तीच म्हणाली, "चल, जाऊन बघू. मोमीनाबादला त्याची कबर असेल. कबरीवर नाव असेल. जे असेल ते."

मोमीनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. परळीहून तासाभराच्या आत.

परळी वैजनाथ

गाडीतून उतरल्यावर आत्याने खोल श्वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "कोळसा!" वीजकेंद्राच्या धुराड्यांवर हिवाळी सकाळ करडी दिसत होती आणि रिक्षाच्या टपावर राखेचा बारीक थर होता. बाकीचे प्रवासी तोंडाला रुमाल लावत होते. आत्याचं लहानपण वाफेच्या इंजिनांच्या धुरात गेलेलं. तिला हा वास घरचा वाटला.

देवळाच्या बाजूच्या गल्लीत आम्ही नाश्ता केला. तर्री ओतलेली सुशीला, म्हणजे भिजवून परतलेले चुरमुरे. आमच्याकडे हा पदार्थ असा मिळत नाही. आत्याने आधी चमच्याने नुसता कोपरा उकरला, मग सगळी बशी संपवली. गल्ल्यावरच्या माणसाने तिच्या गोऱ्या रंगाकडे, फ्रॉककडे आणि बुटांकडे पाहून मला विचारलं, "पावण्या फारिनच्या हायत का?"

"दौंडची आहे मी," आत्या मराठीत म्हणाली. "अजून एक बशी दे. ह्याला. ह्याने लाजून कमी खाल्लं."

तो माणूस इतका हसला की दुसऱ्या बशीवर शेव दुप्पट आली.

अंबाजोगाई

गावात उतरून आम्ही जुन्या छावणीची चौकशी केली. तरण्या माणसांना माहीत नव्हतं. म्हातारी माणसं मात्र अजून सहज 'मोमीनाबाद' म्हणतात. अशाच एका म्हाताऱ्याने आम्हाला युसूफभाईंकडे पाठवलं. ते छावणीच्या बाजूला राहतात. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. युसूफभाई आमच्याबरोबर आले आणि एका बाभळींच्या रानात शिरले.

"मॅडम, पयले हितं लई कबरा व्हत्या," ते म्हणाले. "आमी पोरं असताना हितंच खेळायचो. मंग दगडं गेली. कुनी पायरीला नेलं, कुनी कट्ट्याला."

चारदोन चौथरे उरले होते. त्यांच्यावरची संगमरवरी पाटी निघून नुसते खाचे दिसत होते. एका चौथऱ्यावर शेळी बसली होती. ती आमच्याकडे बघून उठली नाही. आत्या प्रत्येक चौथऱ्याभोवती फिरली, बोटांनी कडा चाचपल्या. याच फेरीत तिच्या बुटाचा तळ सुटला आणि बाभळीचा काटा टाचेत गेला. मी काटा काढला. ती 'हं' सुद्धा म्हणाली नाही. नर्सा दुसऱ्यांना ओरडू देतात, स्वतः ओरडत नाहीत.

"एक दगड हाय बगा," युसूफभाई आठवून म्हणाले. "अक्षरं हायती त्याच्यावर. आमच्या पलीकडल्या गल्लीत नळापाशी. बाया कपडे धुत्यात."

आम्ही गेलो. दगड आडवा टाकलेला होता आणि अक्षरांवर साबणाचा थर साचला होता. दोघा-तिघांनी मिळून तो उजेडात ओढला. आत्या लंगडत पुढे झाली, गुडघ्यांवर बसली आणि नळाच्या पाण्याने हातरुमाल भिजवून तिने अक्षरं पुसायला सुरुवात केली. यान्सेन निघालं तर मी जिंकणार होतो आणि त्या क्षणी मला जिंकायचं नव्हतं.

दगड एका लहान मुलीचा होता. आडनाव तिसरंच. कुठल्या तरी अधिकाऱ्याची मुलगी, चालायला लागायच्या आधीच गेलेली. नावाखाली कोरलेलं फूल धुण्याने गुळगुळीत झालं होतं.

आत्याने ओला हातरुमाल त्या फुलावरून पुन्हा एकदा फिरवला. मग उठली आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "हा दगड उभा करून ठेवाल का? लहान लेकरू आहे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं बया. आमाला काय म्हाईत. इतके दिस आमी त्याच्यावर..." तिने पदर तोंडाला लावला. संध्याकाळच्या आत युसूफभाईंच्या मुलाने तो दगड भिंतीला टेकवून उभा केला आणि कोणीतरी त्याच्यासमोर झेंडूचं फूल ठेवून गेलं. धुणं आता दुसऱ्या दगडावर.

आमच्या नालबंदाचा मात्र पत्ता नव्हता. रात्री खानावळीत येसर आमटी मिळाली. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली ही दाट, झणझणीत आमटी भाकरीत कुस्करून खातात. दौंडला असताना ताटात काटा-चमचा लागणारी आत्या हाताने जेवली. जेवता जेवता म्हणाली, "उद्या घरी जाऊ. दगडवाल्याला तुला हवं ते सांग. मला कंटाळा आला."

मला तिचं हे हरणं बघवेना. "तसं नको," मी म्हणालो. पण दुसरं काय करायचं ते मलाही सुचत नव्हतं.

बीड

नगरकडे जाणारी नवी रेल्वे बीडहून मिळते. तिच्यात बसायचं आत्याच्या मनात होतं म्हणून आम्ही एसटीने बीडला आलो. गाडीला वेळ होता. स्टँडवर बाकावर आत्या नव्या प्लॅस्टिकच्या चपलांकडे नाराजीने बघत बसली होती. मी संत्री सोलत होतो. समोर एक जीपवाला ओरडत होता.

"गेवराई, तलवाडा! चला तलवाडा, तलवाडा!"

आत्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की संत्रं खाली पडलं.

"काय म्हणाला तो?"

"तलवाडा. गाव असेल इकडचं."

"बाप्तिस्म्याची नक्कल काढ."

मी पिशवीतून नक्कल काढली. गेली कित्येक वर्षं आम्ही ती वाचत आलो होतो. विल्यम, नालबंदाचा मुलगा. आईचं नाव मेरी. आणि मेरीपुढे, कुठली राहणारी या शब्दांपुढे, इंग्रजी अक्षरांत पाद्र्याने लिहिलं होतं, 'टुलवारा'. वडिलांनी नकाशे पालथे घालून हे हॉलंडमधलं टिलबर्ग असल्याचं ठरवलं होतं. आत्याच्या मते ते इंग्लंडमधलं टॉलवर्थ. त्या एका शब्दावरून दोघांनी किती संध्याकाळी घालवल्या! आणि कोणी एकदाही तो शब्द मोठ्याने, मराठी माणसासारखा म्हणून पाहिला नव्हता.

"टुलवारा," आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "टुलवाडा. तलवाडा."

तिने नक्कल माझ्या हातातून घेऊन मांडीवर पसरली. तिच्या मनात काय चाललंय हे मला कळत होतं. आमच्या घरात एक गोष्ट उघड बोलली जात नसे. माझ्या वडिलांनी नगरच्या एका मराठी ख्रिस्ती शिक्षिकेशी, म्हणजे माझ्या आईशी, लग्न केलं तेव्हा आत्या लग्नाला आली नव्हती. 'आपल्यात गावातलं रक्त नाही' असं तेव्हा घरात म्हणत. पुढे माझ्या आईशी तिचं वागणं नीट होतं, पण जरा अंतर राखून. दोघी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि एका गावात राहतात. एकमेकींकडे नाताळला केक पाठवतात आणि बसायला कधी जात नाहीत.

जीप भरत आली. मी पडलेलं संत्रं उचललं. हा निर्णय माझा नव्हता.

"गाडी सुटेल आपली," मी शेवटी म्हणालो.

"सुटू दे," आत्या उठली. "त्या माणसाला विचार, पुढे बसायला जागा आहे का. मागे माझे गुडघे मुडपत नाहीत."

तलवाडा

गेवराई सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, मधूनच उसाचे फड. जीपवाल्याचं नाव अंकुश. त्याने वाटेत आत्याला एवढी माहिती पुरवली की मला पिकांबद्दल काही विचारायची गरज उरली नाही. तलवाडा मोठं गाव आहे. टेकडीवर त्वरिता देवीचं देऊळ, खाली बाजार. पण बरीच घरं बंद होती. माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर गेली होती. दारात म्हातारे आणि लहान मुलं.

आता प्रश्न असा की विचारायचं काय? पारावरच्या चहाच्या टपरीवर मी शब्द जुळवत होतो. माझी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि एक साधं वाक्य तयार होईना.

"इथली एखादी मुलगी," मी सुरुवात केली, "फार पूर्वी, म्हणजे निजामाच्या काळात, मोमीनाबादच्या एखाद्या गोऱ्या साहेबाबरोबर..."

टपरीवरच्या सगळ्या माना वळल्या. एक फेटेवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आसं कावून इचारता हो? गावातल्या लेकीबाळींचं?"

चहावाला हसायला लागला, तसा अंकुश त्याच्यावर खेकसला, "गप बे! पावणे लांबून आलेत."

मी गडबडून गेलो. तेव्हा आत्या पुढे झाली. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ त्या फेटेवाल्याला सांगितलं, "दादा, मी माझ्या पणजीचं गाव शोधते आहे. ती इथली असावी. मला तिचं खरं नावही माहीत नाही."

फेटेवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. आठ्या उतरल्या. "मंग तसं म्हना की मावशी," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने दाढी खाजवली. "चकलांबा गावाच्या अंगाला धनगराची वस्ती हाय. थितं सोजराबाई म्हून म्हातारी हाय. तिच्या घरात आसं कायतरी सांगत्यात. खरं-खोटं देवीला म्हाईत."

वस्तीवर

वस्ती म्हणजे लिंबाखाली तीन घरं, काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा आणि एक म्हातारं तट्टू. मेंढरं चरायला गेली होती. सोजराबाई अंगणात घोंगडीवर बसून शेंगा फोडत होती. वय आत्याएवढंच असेल. कपाळावर मोठं गोंदण. अंकुशने आमची ओळख सांगितली. तिने आत्याला आपल्या शेजारी घोंगडीवर बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि मग हात थांबवून आत्याचं तोंड बराच वेळ न्याहाळलं.

"सांगा की आजी," अंकुश म्हणाला, "तुमच्या घरात सायबाची गोष्ट हाय म्हनं."

"हाय की." सोजराबाईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "माझ्या सासऱ्याचा आजा. त्याची भन. ठकू. लई देखनी, लई हट्टी. ह्ये समदे मेंढरं घिऊन मोमीनाबादेकडं गेलते. संग तट्टू आसायचं, सामान वाहायला. त्याचा पाय दुखावला. छावनीत घोड्यांना नाल मारनारा एक गोरा व्हता..."

मी आत्याकडे पाहिलं. नालबंदाचं आम्ही कोणालाही सांगितलं नव्हतं. अंकुशलाही नाही. आत्याचा हात गळ्यातल्या क्रुसावर गेला होता.

"...बापानं ठकूला म्हनलं, जा, तट्टू घिऊन जा. ती गेली. नाल मारून आनला. चार दिसांनी नाल पडला. पुन्यांदा गेली. पुन्यांदा पडला. तिसऱ्यांदा बापाला संशय आला. तवा कळलं, नाल पडत न्हवता. ही बया सोताच खिळे उपटून काढत व्हती!"

आत्या मोठ्याने हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना क्वचित पाहिलं आहे. सोजराबाईही हसत होती, आणि मग हसता हसता थांबली.

"ती मंग सायबासंगच ऱ्हायली. हितं बापानं तिच्या नावानं आंघूळ केली. मेली म्हनला. घरात नाव घ्यायचं न्हाई. एकदा आलती म्हनं, काखंला पोरगं घिऊन. त्या बांधापस्तोर आली. आई भाकर घिऊन गेली, बांधावर बसून लेकीला खाऊ घातली. पर घरात घ्यायची हिंमत झाली न्हाई कुनाची. आन मंग ती आलीच न्हाई."

ती ज्या बांधाकडे बोट दाखवत होती, तिथे आता तुरीचं पीक होतं.

"तवापासून," ती म्हणाली, "ह्या घराच्या लेकींत एकीचं नाव सोजर ठिवत्यात. माझी आई ह्याच घरची लेक. मला मामाच्या घरात दिली. ठकू म्हनायची बंदी व्हती ना. सोजराची म्हून सोजर."

सोजर म्हणजे गोरा शिपाई. नालबंद काही शिपाई नव्हे, पण बंदी चुकवून आठवण ठेवणाऱ्यांना तेवढा फरक चालला असावा. मी शिक्षक माणूस. मला लगेच शंका येते. सोजराबाई हे नाव मराठवाड्यात पुष्कळ ऐकू येतं. छावणीत नालबंदही एकच नसणार. पाद्र्याच्या नोंदीतली मेरी हीच ठकू, असं शपथेवर मी आजही सांगणार नाही. तरी आत्याचा तो प्रश्न विचारावाच लागला. तिनेच विचारला.

"तो साहेब कुठला होता, काही सांगतात का? इंग्रज, की डच?"

"ते काय आसतंय?"

"म्हणजे, कुठल्या देशाचा?"

सोजराबाईने खांदे उडवले. "कुनाला ठावं बाई. गोरा व्हता. ठकू आमची व्हती."

आत्याने सुपातली एक शेंग उचलून फोडली. इतक्या वर्षांच्या भांडणात हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

दुपार कलली तशी मेंढरं परतली. त्यांच्यामागून सोजराबाईचा मुलगा ज्ञानोबा आला. आईने त्याला काय ते सांगितलं. तो आत्यासमोर येऊन वाकला, आणि मग ती माय-लेकरं बाजूला जाऊन काहीतरी कुजबुजली. सोजराबाई परत आली ती हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन. आत्याला तिने उठवलं, उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं.

"तवा घरात घेतली न्हाई," ती म्हणाली. "आता तुमी आत या."

आत्या जागची हलेना. माझ्या आईच्या लग्नाला न गेलेली, रेल्वे कॉलनीत सगळ्यांना वचकात ठेवणारी ही बाई उंबऱ्यावर लहान मुलीसारखी रडत होती. मी पुढे होणार होतो, पण सोजराबाईनेच तिचा हात धरला आणि तिला आत घेतलं. चुलीपाशी पाटावर बसवून तिची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर ज्वारी. फ्रॉकला पदर कुठला? आत्याने फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि ज्वारी त्यात घेतली.

जेवायला शेतातला हुरडा, लसणाची चटणी आणि मेंढीच्या दुधाचा चहा. जेवण झाल्यावर आत्याने माझा फोन मागितला.

"शांताला लाव."

शांता म्हणजे माझी आई. फोन लागला. पलीकडून आईचा घाबरा आवाज आला, "काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"मी बरी आहे. शांता, ऐक. मला माझ्या पणजीचं घर सापडलं. धनगराचं आहे. त्यांनी माझी ओटी भरली." पुढे ती म्हणाली, "ओटीतल्या ज्वारीचं काय करायचं असतं गं? मला काही माहीत नाही."

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "घेऊन या. दोघी मिळून भाकरी करू."

आत्याने फोन परत दिला. मग ती लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसली.

"दगडवाल्याला सांग," ती म्हणाली. "विल्यम. ठकूबाईचा मुलगा. तलवाडा. बस."

"आणि आडनाव?"

"आडनाव आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते दगडात कशाला कोरायचं?"

"आत्या, हे तरी कुठे नक्की माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण यान्सेनांनी किंवा जॉन्सनांनी मला कधी घरात या म्हटलं नाही."

आम्ही त्या रात्री तिथेच राहिलो. सकाळी निघायच्या तयारीत होतो, तर घरात एकच लगबग. सोजराबाईच्या नातवाची बायको पूजा हिच्या झोळीत दोन महिन्यांची मुलगी होती. बाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला, त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बारसं लांबलेलं. बाळाचं नाव ठेवायचं काम आत्याचं.

"आत्याच दारात आली, आता कशाला थांबायचं?" ज्ञानोबा म्हणाला. आत्या ही त्या बाळाची नेमकी कोण, हे त्याने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या बोटाशी सोडून दिलं. "आत्याच की!"

आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका जमल्या. बापाला व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये उसाच्या फडात उभा असलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक तरुण दात दाखवत हसत होता. झोळीला झेंडूची माळ लावली. सोजराबाई म्हणाली, "सोजर ठिवा म्हनलं तर ही पूजा नको म्हनती. जुनं नाव हाय, पोरीला शाळंत हसतील म्हनं."

पूजा खाली मान घालून उभी होती. तिला काही सांगायचं होतं, पण आजेसासूसमोर सांगवत नव्हतं.

आत्या तिच्याजवळ गेली. "तुला कोणतं नाव हवंय?"

पूजाने तिच्या कानात सांगितलं.

आत्याने सोजराबाईकडे वळून विचारलं, "आईच्या मनातलं ठेवलं तर चालेल?"

सोजराबाईने क्षणभर विचार केला, आणि मग हात उडवला. "ठिवा. तुमी म्हनाल ते."

आत्या झोळीवर वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिने आधी "कुर्रर्र" केलं. दवाखान्यात हजारो बाळं हाताळलेली बाई, पण कानात नाव सांगायची ही पहिलीच वेळ. "स्वरा," ती म्हणाली.

तिने ते म्हटलं मात्र, मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर धपाधप बुक्के घातले. बाळाचं नाव ठेवणाऱ्या आत्याला हा मार खावाच लागतो. मी दचकून ओरडलो, "अहो, हळू! वय बघा त्यांचं!"

बायका थबकल्या. आत्याने झोळीतून डोकं वर काढलं. चष्मा वाकडा झाला होता, केस विस्कटले होते आणि फोनमधला बाप तिकडे फडात खो खो हसत होता.

"ह्याचं ऐकू नका," आत्या बायकांना म्हणाली आणि पुन्हा वाकली. "मारा नीट. एवढ्या वर्षांचं राहिलंय."